साहेबांनी आमच्या बोलीत मागितलेला मारा

"धुकं उठून राहिलं सुखदेव. पोरं कुठंवर आली?" वायरलेस सेटवर मेजर साहेबांनी विचारलं.

मी खाली दगडाआड बसलो होतो. वर कड्यावर शत्रूचा बंकर. समोरच्या उघड्या उतारावरून आमची अख्खी कंपनी चढत होती. धुकं उठलं की बंकरातल्या मशीनगनला आमची पोरं आयतीच सापडणार होती. ती गन आधीच बंद पाडायला साहेब बलबीर आणि थापा या दोन जवानांना घेऊन मागच्या बाजूने, दोर लावून वर गेले होते. आम्ही पॅराट्रूपर, म्हणजे विमानातून छत्री घेऊन उडी मारणारे. त्या लढाईत मात्र सगळा डोंगर पायीच चढावा लागला.

मी ऑपरेटर. साहेब छोट्या सेटवर मला सांगणार, मी मोठ्या सेटवर मागे तोफखान्याला सांगणार, एवढंच माझं काम. पंचाईत अशी, की छोट्या सेटवरचं आमचं बोलणं शत्रू ऐकायचा. हिंदी, पंजाबी त्यांना आमच्याइतकीच यायची. मधेच घुसून आईबहिणीवरून शिव्या द्यायचे. साहेब केशोरीचे, मी मुर्रीचा, दोघंही गोंदियाकडचे. त्यांनीच तोड काढली: आपण दोघं झाडीबोलीत बोलू. बंकर म्हणजे धानाची बांधी, भाताचं खाचर; तोफेचे गोळे म्हणजे परे, लावणीची रोपं. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

"अर्ध्यात आली, साहेब," मी सांगितलं.

"मंग आयक. आमी तिघं बांधीच्या धुऱ्यावर अडकलो. डोकं वर काढू देऊन नाही राहिले. परे आमच्याच धुऱ्यावर टाकाले सांग."

धुरा म्हणजे बांध. साहेब स्वतःच्या डोक्यावर गोळे मागत होते.

"साहेब, तुमी तिथंच आहा ना?"

"हाव. काऊन थांबून राहिला? धुकं गेलं त सारी पोरं जातीन."

मी तोफखान्याच्या कॅप्टनला जागा सांगितली. तो उखडला. "वहाँ तो तुम्हारे अपने आदमी हैं! कन्फर्म करो."

"कन्फर्म, सर. मेजर साहब का हुकुम है."

गोळे पडले. बंकरची एक भिंत कोसळली. साहेब एक पाय फाटलेला असताना सरपटत आत घुसले आणि त्यांनी ती गन बंद पाडली. उतारावर आमचा एकही जवान मेला नाही. बलबीर आणि थापा मात्र आमच्याच गोळ्यांनी कड्यावर मारले गेले. साहेबांना पदक मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. एवढी छाती मी दुसऱ्या कोणाची पाहिली नाही.

आता साहेब केशोरीत असतात. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान लावतात. यंदा गावच्या शाळेने सत्कार ठेवला, पदक लावून या म्हणाले. साहेब तसेच आले, रिकाम्या छातीने. मला राग आला. परत जाताना मी तोंडावरच विचारलं, "लोकं एवढं कौतुक करून राहिले, अन् तुमी पदक कायले नाही लावलं?"

साहेब म्हणाले, "त्या दिवशी मी तुले आपल्या बोलीत सांगतलं. शत्रूले समजू नये म्हणून. पर बाजूच्या त्या दोघाईलेबी समजलं नाही ना बे."

ते पुढे सांगू लागले.

"बलबीर हासत होता. त्याले वाटलं, साहेब घरच्या गोष्टी करून राहिला. मी कोणाले विचारल्याबिगर कधी मरणात नेलं नाही. त्याईले विचारलं असतं त हावच म्हणले असते. मी विचारलंच नाही."

"वेळ कुठं होता, साहेब?"

"तुयासंग बोलाले होता ना?"

त्या दिवशी आम्हा चौघांपैकी गोळे कुठे पडणार हे साहेबांना आणि मलाच ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंच जिवंत राहिलो. हे मनातून जात नाही.

हल्ली गोंदियात भरतीची तयारी करणारी पोरं माझ्याकडे येतात. त्यांना सेटबद्दल मी एकच गोष्ट पक्की सांगतो: जे मागायचं ते आधी शेजारच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगा, मग सेटचं बटण दाबा.