ताट वाढलं होतं का?

राजारामपुरीतल्या एका क्लिनिकमध्ये मी मानसतज्ज्ञ म्हणून काम करते. त्या दुपारी माझ्यासमोर कुरुंदवाडकडची एक मुलगी बसली होती, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची. काही महिन्यांपूर्वी तिला नसलेले आवाज ऐकू यायला लागले होते, मैत्रिणी आपल्यावर टपल्यात असं वाटायला लागलं होतं. औषधांनी आवाज थांबले. आता तिला परत जायचं होतं आणि कॉलेजला माझा रिपोर्ट हवा होता: हिला समोरच्याचं मन ओळखता येतं का? रिपोर्ट वाईट गेला तर वर्ष गेलं. मग घरचे पुन्हा पाठवतील याची काही खात्री नव्हती.

वडिलांना खरं तर बाहेर बसवायचं असतं, पण ती त्यांचा हात सोडेना. आधी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागावलेल्या चेहऱ्याला ती घाबरलेला म्हणाली, दोनदा. वडील नुसते माझ्या पेनाकडे बघत होते. 

मग छोट्या गोष्टी. काहींत आडून बोललेलं ओळखायचं, काहींत साधं बोलणं साधंच घ्यायचं. साध्या बोलण्यात भलता अर्थ काढला की शून्य, आणि पुढे खूण: संशय. परदेशी चाचणीतल्या गोष्टी इथे चालेनात म्हणून या मीच लिहिल्या होत्या. त्याचा मला भलताच अभिमान होता.

मी वाचलं, "पाहुणा जायला उठतो. घरची बाई म्हणते, 'पावणं, जेवून जावा की.' तिच्या मनात काय आहे?"

"त्यानं जावं असं."

"नीट ऐक. ती जेवायला थांब म्हणते आहे."

"ताट वाढलं न्हाय की तिनं. ज्यास्नी जेवाय घालायचं असतं त्ये इचारत न्हाईत. ताटच वाढत्यात."

यात ताट कुठून आलं? मी चिडले. चिडले म्हणजे घाबरले, कारण आजार परतला की असाच साध्या वाक्यात गुपित शोधतो. मी शून्य मांडलं. वडिलांनी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर आले. रिसेप्शनवर जोतिबाच्या डोंगराखालच्या गावातली बाई बसते. तिला तीच गोष्ट सांगून विचारलं, बाईच्या मनात काय असेल?

तिनं रजिस्टरमधून मानसुद्धा वर केली नाही. "ताट वाढलं हुतं का नुस्तं इचारलं?"

मी मास्तरांच्या घरात वाढले. आमच्याकडे विचारूनच वाढतात. माझं घर मी सगळ्या जिल्ह्याचं धरून चालले होते, आणि त्यापायी एका पोरीचं वर्ष घालवायला निघाले होते.

आत येऊन मी शून्य खोडलं. कागद बाजूला ठेवून विचारलं, "कुणी नुसतं विचारतंय हे तुला लगेच कळतं?"

तिनं आधी वडिलांकडे पाहिलं. "तुमी मगाशी आप्पास्नी चहा इचारलासा," ती हळू म्हणाली. "मागवला न्हाईसा."

"अगं ए! मीच नगं म्हटलं की," वडील गडबडीनं उठले. "ऱ्हाऊ द्या ओ म्याडम. एसटी हुकंल आमची."

मी रिपोर्ट लिहायला घेतला. चेहरे ओळखण्यात ती अजून कच्ची आहे हे मी लपवलं नाही. पण खाली स्वच्छ लिहिलं की तिला कॉलेजात घ्यावं, आणि सही करून कागद तिच्या हातात दिला.

ते दोघे जिना उतरून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ती बोलल्यावरही चहा मी मागवला नव्हता.