काळ्या कमोदीचे दागिने

आमगावजवळच्या एका खेड्यातली नूतन धानाचे दागिने करते, याची आधी लोकांनी थट्टाच केली. ज्या धानाचा भात शिजवायचा तेच गळ्यात घालायचं, म्हणजे बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना? पण नूतनच्या बोटांत कसब होतं. सुई टोचली की दाणा फुटतो, म्हणून ती एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरायची. अशा शेकडो गाठींचा एक हार व्हायचा. हार, कानातलं, बाजूबंद, बिंदी, हळदीच्या दिवशी नवरीनं घालावं असं सगळं. फुकट मागणाऱ्या बाया गावात पुष्कळ होत्या, विकत घेणारी एक नव्हती.

मोबाईलवर फोटो काढून ती नातेवाइकांना पाठवायची. खाली प्लास्टिकची खुर्ची, मागे वाळत घातलेलं धुणं, कोपऱ्यात शेळीचं अर्धं तोंड. नातेवाईक अंगठा दाखवायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

तिचा नवरा ओमेश बारा वर्षांपासून रायपूरकडे लोखंडाच्या कारखान्यात होता. पोळ्याला यायचा, दिवाळीला यायचा, आणि घरातला माणूस झाला न झाला तोच निघायची वेळ व्हायची. नूतनला नाव नको होतं, मोठेपणा नको होता. आपलं हे काम चाललं तर ओमेश घरी येईल, एवढ्यासाठीच तिचा सगळा आटापिटा होता.

दुर्गाप्रसाद हा गोंदियाचा लग्नाचे फोटो काढणारा. शेजारच्या लग्नात नूतननं त्याला गाठलं आणि मागेच लागली. तो आला तेव्हा अगहन, म्हणजे मार्गशीर्ष महिना होता, कापणी नुकतीच झाली होती. सासूबाई शकुंतलाबाई घरच्या सणावारासाठी एका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, काळी कमोद लावायच्या. त्या सुवासिक धानाचं टरफल नवं असताना काळंभोर असतं. दुर्गाप्रसादनं खुर्ची हाकलली, शेळी हाकलली, दारातल्या तिरप्या उजेडात ओला पाटा ठेवला आणि त्यावर हार मांडला. दोन तास तो पालथा पडून होता. निघाले सहाच फोटो, पण दाण्यादाण्यावरची रेघ दिसत होती, आणि काळ्या रंगाला अशी झळाळी, की शकुंतलाबाईंनी विचारलं, हे आपल्याच बांधीतलं हाय काय?

जाताना तो म्हणाला, "दीदी, एक बात याद रखना. फोटो में जो दिखा, ग्राहक के हाथ में वही पहुँचना चाहिए. रंग में फर्क पड़ा, तो भरोसा गया."

बोलला ते खरंच बोलला बिचारा. नूतननं खूणगाठ बांधली.

'धानमाळ' या नावानं ते सहा फोटो मोबाईलवर फिरले आणि नागपूर, पुणे, नाशिक, कुठून कुठून मागणी येऊ लागली. सगळ्यांना काळाच हार हवा होता, अगदी फोटोतल्यासारखा. ओमेश कारखान्यात दोस्तांना फोटो दाखवत फिरायचा, माझ्या बायकोनं केलं म्हणून.

आता धान साठवायचं तर त्याला आधी कडक ऊन दाखवावं लागतं, हे धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीतल्या लेकराला विचारलं तरी सांगेल. नूतनला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं मूठभर कमोद अंगणात पसरून पाहिली. चार दिवसांत रंग विटला, मातकट झाला. फोटोतला काळा गेला. तिनं उरलेलं सगळं धान आतल्या सावलीत ठेवलं.

शकुंतलाबाई म्हणाल्या, "धानाले ऊन काऊन नाई दाखवून राहिली? पाखरू पडते मंग."

"रंग जाते, आई. लोकाईले फोटोतलाच रंग पाह्यजे."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपण म्हणतो. इथं ही बाई दिसतं तसंच द्यायला धडपडत होती, आणि त्यातच फसली.

वैशाखात नागपूरच्या एका नवरीनं हळदीच्या सकाळी डबा उघडला तर आतून धान पोखरणारी बारीक पाखरं उडाली. हाराच्या दाण्यादाण्याला बारीक भोक, आत नुसतं पोकळ. तिनं मोबाईलवर फोटो काढला आणि जगाला दाखवला. कसलं तंत्र नाही, उजेड नाही, पण भोकं स्वच्छ दिसत होती. त्यानंतर डबे परत येऊ लागले. नूतननं हातचं सगळं धान उन्हात ओतलं. रंग तर गेलाच, वर पाखरांचा थवा उठला. कोणता दाणा आतून खाल्लेला आणि कोणता धड, हे वरून कळत नाही. दुर्गाप्रसादला फोन केला तर तो हळहळला, पुन्हा फोटो काढून देतो म्हणाला. पण फोटो काढायचा कशाचा? नूतनला रडूही येईना.

ओमेशला सांगून दे, असं शकुंतलाबाई रोज म्हणायच्या. आज सांगू, उद्या सांगू, यात तीन आठवडे गेले. शेवटी एका दुपारी तिनं धीर करून फोन लावला, तर मागून आगगाडीचा खडखडाट.

"डोंगरगड सोडलं," ओमेश हसत म्हणाला. "नोकरी सोडून येऊन राहिलो. तुले सांगतलंच नाई मुद्दाम."

तिनं फोन कानावरून काढून मांडीवर ठेवला. फोन कटला असं त्याला वाटलं.

तासाभरानं तो दारात उभा होता. खांद्यावर वळकटी, हातात ट्रंक. बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून डब्यांची चळत रचलेली होती. ती पाहून त्याचं तोंड उजळलं. पाणीसुद्धा न घेता त्यानं कोपऱ्यातलं पोतं ओढलं आणि त्यात एकेक डबा भरायला लागला. एकटीनं एवढं कसं केलंस, आता मी आहे ना, तू फक्त गुंफायचं, बाकी सगळं माझ्यावर सोड, असं काय काय बोलत राहिला. शकुंतलाबाई चुलीकडे तोंड करून बसून राहिल्या.

पोत्याचं तोंड बांधून तो उठला. "पोस्ट उघडं असन अजून. टाकूनच येतो."

"ते जायाचे नाईत," नूतन म्हणाली. "वापस आलेले हायेत."

त्यानं वरचा डबा काढून पत्ता वाचला. मग दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांवर तिचंच नाव होतं.