रोज दोन घटका उशीर

मंदाताई रेडकर गेल्याचं मला मंडळाच्या ई-मेलने कळलं. वर ती बातमी होती, आणि खाली हळदीकुंकवाच्या दिवशी हॉलमध्ये कुणाची तरी स्टीलची परात राहिली आहे, ती ओळख पटवून घेऊन जावी, अशी सूचना होती. मी आधी परातीचं वाचलं. मंदाताई दर रविवारी सकाळी दहाला मला फोन करत असत. त्याआधीचे दोन रविवार फोन आला नव्हता. त्या कशावरून तरी रागावल्या असतील असं मी ठरवून टाकलं, आणि फोन न आल्याचं मला थोडं बरंच वाटलं. त्या दोन्ही रविवारी त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर.

शोकसभा ओटावाच्या कॅनाटा उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये झाली. आमच्याकडे शोकसभाही स्नेहसंमेलनासारखीच होते. प्रोजेक्टर लागत नाही म्हणून पंधरा मिनिटं गेली, मग फोटो सरकू लागले, आणि मागे समोसे गरम राहावेत म्हणून कुणीतरी फॉइलची धडपड करत होतं. टेबलावर मंदाताईंचा फोटो, शेजारी कंपनीने दिलेलं काचेचं मानचिन्ह आणि निळ्या मुखपृष्ठाचा एक अहवाल. छोट्या बेट-देशांमधल्या तरुण-तरुणींचे रोजगार दर, असा त्याचा विषय. मंडळाच्या अध्यक्षांनी तो हातात घेऊन सांगितलं, की मंदाताईंनी त्या बेटांवरच्या हजारो मुलामुलींना नोकऱ्या मिळवून दिल्या. अहवालाने कुणाला नोकरी लागत नाही. लागलीच तर अहवाल लिहिणाऱ्याला लागते. पण अध्यक्षांनी तो उघडून पाहिला नव्हता, आणि समोर बसलेल्या साठ-सत्तर शिकल्यासवरल्या माणसांपैकीही कुणी पाहिला नव्हता. मग त्यांनी मला बोलावलं, "मंदाताईंचे जुने सहकारी पेठे" म्हणून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, की हा अहवाल म्हणजे त्यांच्या कामाचा कळस. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या.

मी खोटं बोललो. त्या अहवालाशी मंदाताईंचा संबंध एवढाच, की त्या शेवटपर्यंत त्याच्या विरुद्ध होत्या. मुखपृष्ठावर त्यांचं नाव मी घातलं. ते का आणि कसं, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मंदाताई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन ओटावाला आल्या, नवरा इंजिनिअर, तो लवकर गेला. इथे त्यांनी संख्याशास्त्राची पदवी पुन्हा घेतली, कारण मुंबईची पदवी इथे कुणी मोजत नव्हतं, आणि आमच्या सल्लागार कंपनीत नोकरीला लागल्या. मी त्यांच्या आधीपासून तिथे होतो आणि पुढे त्यांचा वरिष्ठ झालो. माझ्या अंगी विशेष काही होतं म्हणून नव्हे, तर मीटिंगमध्ये योग्य ठिकाणी मान हलवण्याची कला मला लवकर साधली म्हणून. मंदाताईंना ती कधीच साधली नाही. त्या मला चारचौघांत पेठे म्हणत आणि राग आला की पेठेसाहेब.

सात-आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे ते काम आलं. तीन छोटे बेट-देश, त्यांतली पंधरा ते चोवीस वयाची मुलं-मुली, त्यांच्यातले किती कामावर आहेत याचा हिशोब. घरोघर जाऊन पाहणी तिथल्या माणसांनी आधीच केलेली होती. फॉर्मचे खोके ओटावाला आले होते. आमच्यातल्या कुणालाही ते देश नकाशावर पटकन दाखवता आले नसते. आमच्या साहेबाने तर त्यांतल्या दोन देशांची नावं शेवटपर्यंत उलटसुलट वापरली. आकडा मात्र स्वच्छ निघाला. तरुण मुलगे बऱ्यापैकी कामावर, तरुण मुली जवळजवळ रिकाम्या. सगळे खूश झाले. असा आकडा निघाला की पुढचं सगळं आपोआप सुचतं. मुलींसाठी प्रशिक्षण, त्यासाठी निधी, त्यासाठी सल्लागार, म्हणजे पुन्हा आम्हीच.

एका देशाचे फॉर्म मंदाताईंकडे होते. एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "पेठे, या फॉर्मांवर मुलाखतीची वेळ लिहिली आहे, ती बघितलीत?"

"वेळ कशाला बघायची? उत्तरं बघा."

"सोमवारी नऊ. मंगळवारी पावणेदहा. बुधवारी साडेदहा. असं करत करत दुपार होते, आणि मग एके दिवशी पुन्हा सकाळ. हा पाहणी करणारा माणूस रोज दोन घटका उशिरा का जातो?"

साहेब शेजारीच होता. त्याला मी इंग्रजीत सांगितलं. तो हसून म्हणाला, "आयलंड टाइम." मीही हसलो. बेटावरची माणसं, आळशी, उशिरा उठत असतील... मंदाताई हसल्या नाहीत. त्यांनी तेवढंच विचारलं, "आणि दर पंधरवड्याला त्यांना पुन्हा लवकर जाग येते?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर काढून ऑफिसात घेऊन आल्या. चतुर्थीला अमुक वेळ, एकादशीला तमुक. वेंगुर्ल्यात लहान पोराला जे कळतं ते आमच्या मजल्यावर कुणालाच कळलं नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आणि ती रोज दोन घटका, म्हणजे पाऊण तासभर, पुढे जाते. बेटावरचं गणित थोडं वेगळं निघालं, पण सरकणं तेच. पाहणी करणारा आळशी नव्हता. वाड्या एकमेकींपासून पाण्याने तुटलेल्या होत्या आणि तो चालत जात होता, म्हणजे ओहोटीला जात होता. "आणि ओहोटीला बायका घरी असतात का हो?" मंदाताई म्हणाल्या. "आमच्याकडे कालवं काढायला सगळ्या खडकावर. घरी कोण? बाप्ये. तेच उत्तरं देणार."

तसंच होतं. फॉर्मवर एक बारीक चौकोन असतो, उत्तर स्वतः दिलं की घरातल्या दुसऱ्याने दिलं. मुलींच्या फॉर्मांवर बहुतेक ठिकाणी दुसऱ्याने दिलेलं होतं. मी इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण त्या चौकोनाकडे कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीने फेरतपासणीला पैसे द्यायला नकार दिला. मंदाताई स्वतःची रजा आणि स्वतःचं तिकीट काढून गेल्या. तिथली सेलिना नावाची मुलगी, जी आधीच्या पाहणीत फॉर्म लावायचं काम करत होती, ती त्यांच्याबरोबर फिरली. भरतीला, होडीने. मंदाताईंनी प्रश्नही बदलला. गेल्या आठवड्यात पगारासाठी काम केलंस का, असं विचारलं की मुलगी नाही म्हणते. त्यांनी विचारलं, काल काय केलंस? सकाळपासून सांग. मग निघे, ओहोटीला शिंपले काढले, सोलले, वाळवले, शनिवारच्या बोटीवर विकले, चटया विणल्या, त्याही विकल्या. आणि भावाचं विचारलं तर... तो बोटीवर असतो असं बापाने सांगितलेलं. बोट कुठे आहे? ती झाडाखाली. इंजिन बंद पडून कित्येक महिने झाले होते.

परत आल्या त्या काळ्याठिक्कर होऊन आणि आनंदात. मुलींचा आकडा वर गेला होता, मुलग्यांचा खाली आला होता. मी त्यांचं टिपण वाचलं आणि पहिला विचार मनात आला तो वेळापत्रकाचा. जुन्या वर्षांशी तुलना मोडेल. बाकी दोन देशांबद्दलही प्रश्न विचारले जातील. साहेब म्हणाला, आकडे जुनेच ठेवा, तळटीप टाका. मी तळटीप लिहिली. मग ती पान बिघडवते असं वाटून मीच काढली. मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मुखपृष्ठावर प्रधान विश्लेषक म्हणून मंदाताईंचं नाव घातलं. तेव्हा मी स्वतःला सांगत होतो, की त्यांनी एवढं काम केलं, मान मिळायला हवा. खरं कारण मला माहीत होतं. उद्या कुणी विचारलं की त्या देशात कुणी जाऊन पाहिलं होतं का, तर सांगता यावं, पाहिलं होतं, हे बघा त्यांचं नाव.

मंदाताईंना ते कळलं तेव्हा त्या माझ्या खोलीत आल्या, आणि दार बंद केलं. "पेठेसाहेब, माझं नाव काढा."

"अहो, पहिलं टाकलंय तुमचं. लोक यासाठी वर्षानुवर्षं..."

"मी ज्याला खोटं म्हणते त्यावर माझं नाव नको."

मी म्हणालो, "छापायला गेलंय मंदाताई. आता काही करता येत नाही."

छापायला गेलं नव्हतं. पुढे दोन दिवस ते पान माझ्याच संगणकावर होतं. एक ओळ खोडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मी काढला नाही. त्या दोन दिवसांत मी दोनदा कॅफेटेरियात जेवलो आणि गाडीचे विंटर टायर बदलून घेतले.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते सांगताना स्वतःचा वीट येतो. अहवालाच्या जोरावर त्या बेटावर मुलींसाठी वर्ग निघाले. बायोडेटा कसा लिहावा, मुलाखतीला गेल्यावर हात कसा मिळवावा, नजरेला नजर कशी द्यावी. मुलाखत घेणारं तिथे कुणी नव्हतं. वर्ग रोज सकाळी नऊला. ज्या दिवसांत सकाळी ओहोटी येई त्या दिवसांत मुली येत नसत, आणि आल्या तर शनिवारच्या बोटीवर विकायला काही नसे. हे सगळं सेलिनाने मंदाताईंना पत्रातून कळवलं, आणि पत्राची प्रत मंदाताईंनी माझ्या टेबलावर ठेवली. वर्षाने दुसरा अहवाल आला. त्यात गैरहजेरीचा तक्ता होता आणि खाली वाक्य होतं, की स्थानिक तरुणींमध्ये रोजगाराविषयी उत्साहाचा अभाव दिसतो. ते वाक्य माझ्या नजरेखालून गेलं. मी तिथे एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

पहिल्या अहवालाबद्दल कंपनीने मंदाताईंना काचेचं मानचिन्ह दिलं. ते त्यांनी घरी नेलं आणि चक्क्याच्या फडक्यावर वजन म्हणून वापरायला काढलं. मला मुद्दाम जेवायला बोलावून त्याच चक्क्याचं श्रीखंड वाढलं. "घ्या की अजून," म्हणाल्या. "चांगलं जड आहे ते. कंपनीची एक तरी वस्तू कामाला आली." मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्यांनी माझ्याशी बोलणं का सोडलं नाही, ते मला कळलेलं नाही. दोघंही निवृत्त झालो, आणि रविवारचे फोन सुरू झाले. कसे आहात, असं त्या कधी विचारत नसत. विचारत, "काल काय केलंत?" मी म्हणायचो, काही नाही. मग त्या म्हणत, "काही नाही असं उत्तर नसतं पेठे. सकाळपासून सांगा." मग मी सांगायचो. ड्राइव्हवे शोव्हल केला, ग्रोसरी आणली, नातवाशी स्काइपवर बोललो. त्या शांतपणे ऐकून घेत. प्रत्येक रविवारी मला वाटे, आज त्या दोन दिवसांचं सांगावं. तो काल तर केव्हाच मागे पडला होता...

शोकसभेनंतर दहाएक दिवसांनी मी मंदाताईंच्या मुलीकडे, अनघाकडे गेलो. ती बेसमेंटमध्ये खोकी भरत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिने हातातली टेप खाली ठेवली.

"काका, व्हाय आर यू टेलिंग मी नाऊ? त्या दिवशी माइक तुमच्या हातात होता."

मी तिने खाली ठेवलेली टेप उचलून खोक्यावर ठेवली.

"मी ते काचेचं गराजमधून काढलं. त्याला दह्याचा वास येत होता. तासभर घासून टेबलावर ठेवलं. आय वॉज सो प्राउड." तिचा आवाज चढला. "आईला किती राग आला असता!"

"मी मंडळाच्या पुढच्या अंकात लिहितो," मी म्हणालो. "आईंबद्दल."

"आईबद्दल नका लिहू. ती ग्रेट होती वगैरे सगळे लिहितील. तुम्ही काय केलं ते लिहा."

निघताना तिने भिंतीवरचं यंदाचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. कदाचित मला तिथून घालवण्यासाठी. जानेवारीच्या प्रत्येक चौकोनात कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक वेळ लिहिलेली होती. "गोळ्यांच्या वेळा असतील असं मला वाटायचं," अनघा म्हणाली, "पण रोज वेगळी कशी?" मी पाहिलं. रोज दोन घटका पुढे. बाहेर उणे वीस, रीडो कालवा गोठलेला, आणि मंदाताई कॅनाटातल्या स्वयंपाकघरात उभ्या राहून त्या बेटावरची ओहोटी लिहीत होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये गेल्या त्या दिवसापासून, चौकोन मोकळे होते.

ते कॅलेंडर आता माझ्या फ्रीजशेजारी आहे. शेवटच्या वेळेपासून मोजत मी मोकळे चौकोन भरत आणले आहेत. माझं गणित पाचदहा मिनिटं चुकत असेल. अनघाने त्यानंतर माझा फोन घेतलेला नाही.

आज रविवार, दहा वाजून गेले. काल काय केलं ते सांगतो. सकाळी उठलो, चहा केला. कंपनीला पत्र लिहिलं, की पहिल्या अहवालावरचं मंदाकिनी रेडकर हे नाव काढावं, तिथे माझं घालावं, आणि काढलेली तळटीप परत लावावी. सोबत मंदाताईंचं टिपण जोडलं. ते उत्तर देणार नाहीत, मी त्या खुर्चीत बसलो आहे, मला माहीत आहे. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. दुपारी सेलिनाला लिहिलं, तिचा पत्ता मंदाताईंनी दिलेल्या तिच्या पत्राच्या प्रतीवर होता. मग हे लिहायला बसलो, ते दिवेलागणीपर्यंत.

त्या बेटावर आता सोमवार लागला असेल. कॅलेंडरात मी लिहिलं आहे, ओहोटी सकाळी पावणेदहा. त्या वेळी मुली गुडघाभर पाण्यात असतील, बाप सावलीत बसलेले असतील. तेव्हा कुणी त्यांच्या घरी जाऊन काही विचारू नये.