मिटवामिटवीची राखी

राखीवर अस्वल होतं. प्लास्टिकचं, पिवळं. पोट दाबलं की आतला लाल दिवा लुकलुकायचा. दसरा होऊन गेला होता, दिवाळी तोंडावर आली होती. या दिवसांत राखी कुठून मिळणार? चेअरमनच्या माणसाने मेनरोडवरच्या दुकानदाराला माळ्यावर चढवलं, श्रावणातला उरलेला माल खाली काढायला लावला, त्यात लहान पोरांची ही राखी निघाली. ती माझ्या हातात देऊन हवालदार साहेब म्हणाले, "बांध बेटा. एकदा बांधली की विषय संपला."

समोर तो बसला होता. मनगट पुढं करून. तोंडात हसू दाबून.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. माझंही लिहिणार नाही. तो कॉलनीच्या अध्यक्षांचा पोरगा. आमच्या श्रीरामपुरात खुर्ची मिळालेल्या कुणालाही चेअरमन म्हणतात, तसं त्याच्या बापाला सगळे चेअरमन म्हणायचे. जागा म्हणजे कॉलनीतल्या मारुतीचा सभामंडप. मागे कापडी फलक: पोलीस आणि नागरिक संवाद बैठक, समाजकंटकांचा बंदोबस्त. समाजकंटक फलकाच्या बरोबर खाली बसला होता, पांढरा शर्ट घालून.

ओवाळायचं ताट सुनंदाकाकूंच्या घरचं होतं. ते माझ्या ओळखीचं. माझी आई रोज घासायची ते.

मी तेव्हा अकरावीला होते. कॉलनीच्या मागे, कॅनॉलच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे, तिथं आम्ही राहायचो. आप्पा मार्केट यार्डात हमाल. आई कॉलनीत धुणीभांडी करायची. कॉलेजला जायचा रस्ता कॉलनीतून, पाण्याच्या टाकीवरून. दुसरा रस्ता उसातून वळसा घालून, तिथं दिवसाही माणूस दिसत नाही. म्हणजे टाकीवरूनच जायचं. आणि टाकीखाली ही पोरं गाड्यांवर बसलेली. शाळा सुटायच्या वेळेला, क्लास सुटायच्या वेळेला, बरोबर हजर.

कॉलनीतल्या पोरींना गाणी म्हणायचे. आम्हाला गाण्याच्याही लायकीचं समजत नव्हते. "ए कॅनॉलवाली, आंघोळ केलीस का आज?" असं. शिवाय थुंकायचे, पायाच्या अगदी जवळ. एक दिवस त्याने गाडी आडवी लावली. माझी ओढणी ओढून घेतली आणि त्या ओढणीने गाडीचं सीट पुसलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग ओढणी माझ्या अंगावर फेकली. सगळे हसले. समोरच्या गॅलरीत एक गृहस्थ पेपर वाचत होते. ते वाचतच राहिले.

ती ओढणी मी कॅनॉलवर तीनतीनदा धुतली. मळ कधीच निघून गेला होता, तरी धूत राहिले.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कॉलेज बंद झालं असतं. श्रीगोंद्याची आत्या कधीपासून एक स्थळ घेऊन बसली होती. मला बारावी करायची होती, लॅबचा कोर्स करायचा होता. त्या टाकीखालून चालत जाणं, एवढंच माझ्या आणि आत्याच्या स्थळाच्या मधे उभं होतं.

सुनंदाकाकू महिला समितीच्या प्रमुख. त्यांच्या मुलीनेही टाकीच्या पोरांपायी क्लास सोडला होता. बैठकीचा निरोप फिरला तशी काकूंनी मला आईसोबत बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तू बोल. आमच्या मुलींची लग्नं व्हायची आहेत, त्यांचं नाव यायला नको. तू उठून बोल, आम्ही सगळ्याजणी तुझ्या पाठीशी उभ्या राहतो."

माझं लग्न व्हायचं नव्हतं का? माझं नाव नाव नव्हतं का? हे आज सुचतं. त्या दिवशी नाही सुचलं. कारण काकूंनी चहा दिला. आईचा कप त्यांच्याकडे वेगळा असायचा, मागच्या खिडकीत, दांडा तुटलेला. त्या दिवशी काकूंनी कपाटातला फुलाफुलांचा कप काढला आणि मला दिला. त्या कपाला मी भुलले.

बैठकीत मी उठले. सगळं सांगितलं. ओढणीचं सांगितलं. नाव घेतलं.

 मी काकूंकडे बघितलं. काकू पदर सारखा करत होत्या. बाकीच्या बायका मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या. एकही उठली नाही. हवालदार साहेब चेअरमनकडे बघून म्हणाले, "बघू. घरातलाच विषय आहे. बसून मिटवू."

आणि चार दिवसांनी त्याच मंडपात पुन्हा बसून मिटवलं. ते हे. अस्वल.

आदल्या दिवशी काकूंनी आईला सांगून ठेवलं होतं, "पोरीला समजाव. तुझी चार घरांची कामं आहेत इथं." मी राखी हातात घेऊन उभी राहिले तेव्हा आई मंडपाच्या पायरीवर बसली होती. आत बसायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "बांध बाई. मी हात जोडते तुझ्यापुढं."

मी बांधली. गाठ मारताना अस्वलाचं पोट दाबलं गेलं. दिवा लुकलुकायला लागला. टाळ्या पडल्या.

मग सत्कार. आपल्याकडे सत्काराशिवाय बैठक उठते का? समजूतदारपणे तंटा मिटवला म्हणून चेअरमनना शाल आणि श्रीफळ. काकूंच्या हस्ते. पोराने माझ्या ओढणीने सीट पुसलं आणि बापाच्या खांद्यावर शाल पडली. फोटो निघाला. मोबाईलवर फिरला. खाली लिहिलं होतं, बंधुभावाचा आदर्श.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पण खरा मार पुढे होता.

आधी तो निदान चुकीचा होता. लोकांना दिसत नसेल, पण मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं. राखीनंतर तो बरोबर झाला. त्याला हक्क मिळाला. टाकीखाली आता आरोळी यायची, "ताई आली रे, उभे राहा!" सगळे उठून वाकून नमस्कार करायचे आणि खिंकाळायचे. तो गाडी आडवी लावायचा आणि विचारायचा, "कुठं चालली ताई? उशीर का झाला? ओढणी नीट घे." भाऊ ना तो. भाऊ विचारणारच.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आणि किल्ल्या माझ्याच हातून बांधून घेतलेल्या.

दिवाळीच्या आधी तो आमच्या खोलीवर आला. आप्पांनी खाटेवरची गोधडी झटकून त्याला बसवलं. आईने चहा केला. त्याने ग्लासाला हात लावला नाही.

"काका, ताई कॉलेजच्या गेटवर एका पोराशी बोलत उभी व्हती," तो म्हणाला. "भाऊ म्हणून कानावर घालतो. दिवस वाईट हायेत."

आप्पांनी हात जोडले. माझ्या बापाने, त्याच्यापुढे.

"उपकार झाले बाबा. लक्ष ठिवा असंच."

तो गेल्यावर मी म्हणाले, "आप्पा, तो वर्गातला पोरगा. प्रॅक्टिकल कधी आहे ते विचारत होता."

"चेअरमनचा पोरगा खोटं कशाला बोलंल? तू राखी बांधलीया त्याला."

"त्यानंच माझी ओढणी..."

"ते मिटलं न्हवं? आता पुन्यांदा उकरू नगंस. दिवाळी झाली की आत्याकडं जायाचं. पाव्हनं बघून जात्याल. कालेज बास झालं."

काकू फिरल्या त्याचं दुःख झालं होतं. आप्पा फिरले ते सहन झालं नाही. ज्यांच्या जिवावर मी त्या रस्त्याने मान वर करून चालायचे, ते माझ्यापेक्षा त्याच्या मनगटावर विश्वास ठेवत होते.  मी दोन दिवस भांडी घासली, करंज्या लाटल्या आणि विचार करत राहिले. भाऊ आहे म्हणता? ठीक. मग भाऊच असू दे.

भाऊबीजेच्या सकाळी मी घरातलं स्टीलचं ताट घेतलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, चमचाभर साखर. तीच ओढणी घेतली, सीट पुसलेली. आईने विचारलं, "कुठं गं?"

"भावाला ओवाळायला."

आई माझ्याकडे बघत राहिली. अडवलं मात्र नाही.

कॉलनीत दारोदार रांगोळ्या. ओट्यांवर पाहुणे, फराळाच्या ताटल्या. मी ताट दोन्ही हातांत धरून टाकीवरून गेले. पोरं होतीच. एकानेही आरोळी दिली नाही. त्यांना कळेना हसावं का काय करावं.

चेअरमनच्या फाटकाशी नगरच्या गाड्या लागल्या होत्या. दार उघडं होतं. आत तो पाटावर बसलेला दिसत होता, डोक्यावर टोपी, भोवती बहिणी. मी फाटकाची कडी काढली. त्याची आई लगबगीने बाहेर आली.

"काय गं? फराळ आईजवळ देते मी संध्याकाळी."

"फराळ नको. ओवाळायला आले."

"कुणाला?"

"भावाला. राखी बांधली ना मी."

तिने मागे वळून बघितलं. पाहुण्या बायका दारात आल्या होत्या. ती पायऱ्या उतरली, मी उघडलेलं फाटक तिने आतून ओढून घेतलं आणि आवाज बारीक करून म्हणाली, "अगं, ते मिटवायला होतं. तेवढ्यापुरतं. एवढंही कळत नाही का तुला? आपली पायरी बघून वागावं माणसाने."

शेजारच्या ओट्यावर सुनंदाकाकू उभ्या होत्या. मी मोठ्याने विचारलं, "काकू, तुम्हीच सांगा. ताट तुमचंच होतं ना त्या दिवशी? भाऊ आहे का नाही?"

काकू आत गेल्या. दार लावून घेतलं.

तो पाटावरून उठलाच नाही. खाली मान घालून बसला. आमच्या खोलीत खाटेवर पाय पसरून बसणारा भाऊ स्वतःच्या घरात मला ओळखत नव्हता. मी रडेन असं मला वाटलं होतं. रडू आलं नाही. डोकं एकदम स्वच्छ झालं. मी ताट तसंच हातात घेऊन फिरले आणि थेट पोलीस ठाण्यात गेले.

टेबलाशी तेच हवालदार साहेब. ताट बघून खूश झाले. "वा बेटा, आम्हाला ओवाळायला आलीस का?"

"तक्रार द्यायला आले."

"आता कसली? तो तर भाऊ झाला तुझा."

"भाऊ नको साहेब. रस्ता पाहिजे."

त्यांचं हसू गेलं. मी म्हणाले, "त्याची आईच म्हणाली, ते तेवढ्यापुरतं होतं. तर मग जे मिटवलं ते उघडा. ओढणीपासून लिहून घ्या."

"सणासुदीला कशाला? आज साहेब नाहीत. उद्या ये वडिलांना घेऊन."

मी बाकावर बसले. ताट मांडीवर. येणारा जाणारा बघायचा, विचारायचा, ही कोण? कुणीतरी आप्पांना निरोप दिला. दुपारी ते आले. दारातूनच म्हणाले, "चल घरी. लोकं बघत्यात."

"बघू द्या. आप्पा, त्यांच्या दारात मी बहीण नाही. मग आपल्या दारात तो भाऊ कसा?"

 आप्पांनी मला ओढून नेलं नाही, माझ्या शेजारी येऊनही बसले नाहीत. बाहेर पायरीवर टेकले, पाठ माझ्याकडे करून. उन्हं उतरली तेव्हा हवालदाराने शिव्या पुटपुटत कागद ओढला आणि लिहायला घेतलं.

मी जिंकले असं कुणी समजू नये. त्याला बोलावलं, समज दिली, सोडून दिलं. आईची चारही घरं सुटली. काकूंनी तर तिला निरोपही दुसऱ्याकरवी धाडला. आप्पांनी स्थळाचं पुन्हा काढलं नाही. मी श्रीगोंद्याला गेले नाही, बारावी केली, लॅबचा कोर्स केला. आज गावातल्याच एका दवाखान्यात रक्त तपासते. रस्ता तोच, टाकीवरून. कुणाच्या मेहरबानीवर चालत नाही.

तो आता युवा नेता आहे. चौकात त्याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. पोलीस मित्र म्हणून त्याला ओळखपत्र मिळालंय, समाजकंटकांच्या बैठकीला तो आता हवालदाराच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. कुंपणानेच शेत खायचं ठरवलं की राखणीला तरी कुणाला ठेवायचं?

काल सुनंदाकाकू माझ्या दारात आल्या. इतक्या वर्षांनी. केस पिकलेत. आमच्या रांगेतल्या एका पोरीने तक्रार केलीय, नववीतली आहे. टाकीखाली आता दुसरी पोरं असतात, पण गाडी तशीच आडवी लागते. उद्या सभामंडपात बैठक आहे. काकू म्हणाल्या, "तू तिला समजावून सांग. तुझं ऐकेल ती. तुझंही छान मिटलं होतं ना शेवटी."

छान मिटलं होतं.

मी त्यांना पाणी विचारलं नाही. बसा म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, "येते मी उद्या."

त्यांना वाटलं, आपलं काम झालं.

उद्या मी जाणार आहे. त्या पोरीच्या हातात ताट दिलं असेल तर ते काढून घेऊन चेअरमनच्या टेबलावर ठेवणार आहे, राखीसकट. तिच्या आईला पायरीवरून उठवून आत खुर्चीवर बसवणार आहे. मग सगळ्यांसमोर पोरीचा हात धरून पोलीस ठाण्यात जाणार आहे. तो बाक मला माहीत आहे. तक्रार लिहून होईपर्यंत आम्ही दोघी तिथून उठणार नाही.