साध्या गाठीचा निरोप

दातवाल्या बाई रोग्याच्या तोंडाला हात लावण्याआधी त्याच्या हाती आरसा द्यायच्या. "आधी तुमचं तुम्ही बघा," म्हणायच्या. सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी त्यांचा कारकून होतो. मिश्री लावणारी, तंबाखू खाणारी माणसं तोंडात गाठ लागली की कॅन्सरच्या धास्तीने अर्धमेली होऊनच यायची.

ऊसतोडीला आलेली गयाबाई अशीच तोंडाला पदर लावून आली. गालाच्या आत बोराएवढी गुळगुळीत गाठ. बाईंनी ती दाबून, हलवून पाहिली आणि आरशात तिला शेजारचा तुटका दात दाखवला. त्याची धार गालाला लागत होती. "आधी हा घासायचा. नाहीतर गाठ पुन्हा येईल." धार घासली, इंजेक्शन दिलं, गाठ काढून दोन टाके घातले. साधीच वाटते म्हणाल्या, पण काढलेली प्रत्येक गाठ तपासायला पाठवायचीच, हा त्यांचा नेम. गयाबाईने त्यातलं 'तपासायला' एवढंच ऐकलं.

साध्या गाठीचा निरोप सगळ्यात आधी पोचवायचा, असं बाई मला बजावत. "वाट बघणाऱ्याला ती साधी नसते."

त्या वर्षी दुष्काळाने ऊस लवकर संपला, टोळ्या गावी परतल्या. मग तपासणीचं पाकीट आलं. गाठ साधी होती. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच दिवशी शिरूर कासारकडे तिच्या गावी पिटाळलं असतं. चारा छावणीचंही काम तेव्हा माझ्याच गळ्यात होतं. मी पाकीट खणात टाकलं. बाईंनी विचारलं तेव्हा आलं नाही म्हणालो. एकदा तसं म्हटल्यावर पुढे खरं सांगता येईना. रोज खण उघडायचो, पाकीट बघायचो, लावून घ्यायचो.

तीन महिन्यांनी गयाबाई आपणहून आली. "काय असंल ते सांगा, बाई. आठवीतली पोर उजवून टाकली. माझ्या मागं तिला कोन हाय? आता भ्या न्हाई."

मी पाकीट काढून दिलं. बाईंनी कागद वाचला, टपालाच्या शिक्क्यावरची तारीख पाहिली. तिला काही नाही म्हणून सांगितलं आणि आरसा दिला. गाल छान भरून आला होता. गयाबाईने जिभेने आतून गाल चाचपला. मग आरसा खाली ठेवून म्हणाली, "मग म्या घाई कावून केली?"

बाई मला त्यावरून कधीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षभराने त्या नोकरी सोडून निघाल्या, तेव्हा त्यांची पेटी मीच स्टँडवर नेली. एसटी सुटताना त्यांनी खिडकीतून विचारलं, "गयाबाईच्या मुलीचं नाव काय हो?"

मला माहीत नव्हतं. अजून नाही.