सेन्सेईंची माफी

जपानला, हिगाशी-कसाईत आल्यावर नवरा ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेली की माझी बोलती बंद. कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा, हेसुद्धा विचारता येईना. म्हणून स्टेशनजवळच्या छोट्या चर्चमध्ये जपानी शिकायला जाऊ लागले. वर्ग फुकट होता, आणि फुकट म्हटलं की मी पुढे. आम्ही चौघी मराठी बायका आणि शिकवणाऱ्या सत्तरीच्या सेन्सेई, म्हणजे बाई.

हळूहळू बाकी तिघींपेक्षा मला बरं बोलता येऊ लागलं आणि मी त्याचा तोराही मिरवू लागले. एकदा सेन्सेईंनी कपाट उघडून विचारलं, "काय वाचूया?" मीच मुलांचं एक चित्रांचं पुस्तक उचललं. वर वादळातलं जहाज होतं, एवढंच कारण. आत एका जुन्या ख्रिस्ती प्रचारकाची गोष्ट निघाली. तरुणपणी तो एका ख्रिस्ती माणसाला दगड मारणाऱ्यांचे कपडे सांभाळत उभा असतो. पुढे स्वतःच त्या पंथाचा होतो, तंबू शिवून पोट भरतो, गावोगाव हिंडतो, तुरुंगातून मंडळींना पत्रं लिहितो. पत्रांत कुणाची भीडभाड नाही. मला तो फार आवडला. सेन्सेईंनी मात्र धर्माबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं सगळं लक्ष आमच्या उच्चारांवर.

मग एकीच्या नवऱ्याने ते पुस्तक पाहिलं आणि इथल्या मराठी लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. फुकट शिकवतात ते काय उगाच? बाटवायला बसलेत! पुढच्या वर्गाला तिघी जाब विचारायलाच आल्या.

"तू विचार गं, तुझं जपानी चांगलंय."

मी विचारलं, "हे पुस्तक का घेतलं वाचायला?"

'अगं, मीच निवडलं,' एवढंच मराठीत सांगायचं होतं. पण ग्रुपने वाळीत टाकलं तर? मुलीच्या मैत्रिणी, दिवाळी, सगळं त्यांच्याबरोबरच. एरवी फटकळ म्हणून मिरवणारी मी, सेन्सेईंच्या उत्तराची वाट बघत बसले.

सेन्सेई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग उठून कमरेत वाकल्या. "तुम्हाला त्रास झाला. माझं चुकलं, माफ करा."

समोरचा नाराज दिसला की इथे माणसं आधी माफी मागतात, चूक असो वा नसो. मला हे पक्कं ठाऊक होतं.

"काय म्हणतायत?"

"माझं चुकलं म्हणतायत."

"बघ! कबूल केलं."

मी पुस्तक कपाटात ठेवून दिलं. वर्ग त्या दिवशीच बंद झाला.

तिघी बाहेर पडल्या. आता तरी माफी मागावी म्हणून मी मागे राहिले. लाजेने वर बघवत नव्हतं. सेन्सेई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "आज मधे बोलायला तुम्ही होतात म्हणून बरं झालं. तुमचं जपानी किती सुधारलंय! मला खूप आनंद झाला."

मी त्यांचे आभार मानले, कुठेही न अडखळता, आणि घरी आले.