मोडायला हवा असलेला पंख

तुमच्या ताईने विमानाचा पंख आमच्या गॅरेजमध्ये बांधला, कारण विद्यापीठाजवळच्या तिच्या खोलीत तो मावत नव्हता. त्यामुळे हिवाळाभर आजोबांची गाडी बाहेर बर्फात आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या स्वयंपाकघरात जमिनीवर. माझं घर असं कधी नसतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण आवरायचं त्राण तिच्यातही नव्हतं आणि माझ्यातही.

हा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. तो पास झाला तरच मे महिन्यात पदवी. पहिला पंख वजन पुरतं चढायच्या आतच मोडला होता. आता हा दुसरा. चाचणीत पंख उलटा बसवतात आणि त्यावर वाळूच्या पिशव्या ठेवत जातात. हवा पंखाला जो ताण देते, तो पिशव्या देतात. नेमलेलं वजन पंखाने पेलायचं आणि पुढे तिच्या गणितात आलेल्या वजनाला मोडायचं. हे दुसरं मला तेव्हा कळलं नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती पंखाच्या आतल्या लाकडी दांडीला आणखी एक पट्टी चिकटवत होती.

"ही गणितात आहे का?" आजोबांनी विचारलं. जन्मभर इंजिनिअर, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"नाही. जस्ट इन केस. आजी नाही का भाताला एक मूठ तांदूळ जास्त घेत, कोणी आलं तर म्हणून?"

"येतं कोण? शिळा भात मीच खातो."

ती हसली नाही. गोंद सुकेपर्यंत मी पट्टी दाबून धरली.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात एकेक पिशवी चढत गेली. पंख वाकला, कुरकुरला, पण मोडला नाही. पिशव्या संपल्या. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच.

"मजबूत आहे," प्राध्यापकबाई शांतपणे म्हणाल्या, "पण तू कागदावर मांडलेला पंख हा नाही." त्यांनी पुन्हा चाचणीसाठी एक आठवडा दिला.

परतताना ताई गाडीत म्हणाली, "आजी, माझं गणित बरोबर होतं गं. आय जस्ट गॉट स्केअर्ड."

तो आठवडा तिने पंखाचं प्लॅस्टिकचं आवरण उघडून पट्टी घासून काढण्यात घालवला. मी चहा नेऊन ठेवायची आणि गार झालेला परत आणायची.

पुन्हा पिशव्या चढल्या. तिने खूण केलेल्या पिशवीवर पंख काडकन मोडला, तोही तिने सांगितलेल्या जागी. टाळ्या वाजवायच्या का, हे मी आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवलं. ती तिथेच जमिनीवर बसली होती, डोळे मिटून, हसत.

पदवी मिळाली. मोडलेले दोन्ही तुकडे अजून गॅरेजमध्ये आहेत. टाकून द्यायला कोणी उठत नाही, आणि आजोबांची गाडी अजून बाहेरच उभी असते.